मुलगी शिकेल, पण राहील कुठं?

सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर नवापूर आणि नंदुरबार यांच्या मध्ये खांडबारा नावाचं स्टेशन लागतं. नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातलं हे गाव. आजूबाजूला गावित, मावची, कोकणी, भिल्ल अशा आदिवासी समाजांचे पाडे आहेत. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं कोयता घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या परिसरात ज्या खानदेशी ऊसतोड मजुरांचा अभ्यास केला, ते मजूर याच मुलखातले. नवापूर, नंदुरबार, शहादा, तळोदा, अक्कलकुवा या बाजारगावांत मुस्लिम मोहल्लेही आहेत. तिथले लोक दुकानदार, कारागीर, ड्रायव्हर, हातगाडीवाले.

अशा गावातली एखादी मुलगी बारावी झाली आणि तिला नर्स, वकील किंवा इंजिनिअर व्हायचं असलं, तर पुढे काय होतं? ती हुशार आहे का, हा प्रश्न तिथं पहिल्यांदा येत नाही. फी किती, हाही नंतरचा. घरात पहिला प्रश्न निघतो तो असा, की मुलगी राहील कुठं? मुलगी आदिवासी असो की मुसलमान, आई हेच विचारते. याचं उत्तर मिळालं नाही की बाकी सगळे प्रश्न आपोआप मिटतात. मुलीचं लग्न ठरतं, किंवा तीही कोयत्याबरोबर जाते.

२०११च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के होती, महाराष्ट्रात सर्वात कमी. स्त्रियांची साक्षरता तर ५६ टक्क्यांच्या आसपास. हे आकडे वाचले की आपण म्हणतो, शाळा वाढवा. ते खरंच आहे. पण शाळा गावात येऊ शकते, कॉलेज प्रत्येक गावात येऊ शकत नाही. त्यासाठी मुलीलाच गाव सोडावं लागतं. म्हणून मुलींच्या शिक्षणाचा इतिहास शाळांच्या नावांनी सांगून पुरा होत नाही, असं माझं मत आहे. तो मुलींना मिळालेल्या छपरांच्या नावांनीही सांगायला हवा. कुणी छप्पर दिलं, कुणाला दिलं आणि त्या बदल्यात काय मागितलं, हे पाहिलं की आजची अडचण कुठं आहे ते नीट दिसतं.

फुले, रमाबाई, कर्वे

१८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. त्यापायी त्यांना घर सोडावं लागलं आणि उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला, असं परंपरेनं सांगितलं जातं. फातिमा शेख यांच्याविषयी कागदोपत्री पुरावा थोडा आहे आणि त्यावर अलीकडे वादही झाले. पण १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचं नाव आहे. सावित्रीबाई तेव्हा आजारपणामुळे पुण्याबाहेर होत्या. आपल्यामागे फातिमाला कामाचा त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा मजकूर त्या पत्रात आहे. म्हणजे काम वाटून घेणारी एक बाई होती आणि तिच्यावर भरवसा होता. माझ्या दृष्टीनं एवढं पुरेसं आहे. पुढे १८६३मध्ये फुले दांपत्यानं स्वतःच्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसवल्या गेलेल्या विधवांना तिथं बाळंतपणापुरता का होईना, निवारा मिळू लागला. ज्यांना एकदा घराबाहेर व्हावं लागलं, त्यांनी आपलं दार इतरांसाठी उघडं ठेवलं.

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं. विधवांनी तिथं राहावं, शिकावं आणि स्वतःच्या पायावर उभं राहावं, असा हेतू होता. पैसा अमेरिकेतल्या हितचिंतकांचा होता आणि संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असं ठरलं होतं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या. काही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा पुण्यात गहजब झाला. १८९३मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतलं आणि अनेक पालक मुलींना घेऊन गेले. कोण बरोबर होतं, या वादात मी इथं शिरत नाही. पण त्या प्रसंगानं एक गोष्ट कायमची सांगून ठेवली. मुलीला छप्पर देणारा माणूस बदल्यात काय मागेल, ही भीती पालकांच्या मनात असतेच. ती भीती केवळ मागासलेपणाची नसते. ती ओळखल्याशिवाय वसतिगृह चालत नाही.

शारदा सदनच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या. १८९३मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशी विवाह केला आणि १८९६मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला. थोड्याच वर्षांत आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत आणि हिंगण्यापर्यंत पायी ये-जा करत. त्याच कामातून १९१६मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं, आजचं एस.एन.डी.टी. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी राहण्याची झोपडी झाली आणि वीस वर्षांनी विद्यापीठ झालं. मात्र त्या झोपडीत सुरुवातीला प्रामुख्यानं वरच्या जातींतल्या विधवाच होत्या, हेही नोंदवायला हवं.

बोर्डिंगं झाली, पण मुलग्यांची

याच काळात कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी वसतिगृहांची रांग उभी केली. १९०१पासून एकेका समाजासाठी बोर्डिंग निघत गेलं. १९०६मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि महाराज स्वतः तिचे अध्यक्ष झाले. कोल्हापुरातलं मुस्लिम बोर्डिंग आजही आहे. खेड्यातल्या मुलाला शहरात झोपायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळालं तरच तो शिकेल, हे महाराजांना नेमकं कळलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकाच छपराखाली आणलं. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपलं मंगळसूत्रही मोडलं.

मंगळसूत्र बाईचं गेलं, पण त्या बोर्डिंगात शिकले ते मुलगे. हे मी कुणाला कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. त्या माणसांनी बहुजन समाजाच्या दोन पिढ्या उभ्या केल्या. पण मुलगा बोर्डिंगात गेला तर घराचं नाव निघतं आणि मुलगी गेली तर लोक नावं ठेवतात, हा हिशोब त्या काळात बदलला नाही.

आपल्या समाजातलं चित्रही वेगळं नव्हतं. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७४मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. तय्यबजींच्या घरातल्या मुली शिकल्या. त्याच गोतावळ्यातल्या अतिया फैजी १९०६मध्ये अध्यापनाच्या शिक्षणासाठी लंडनला गेल्या. पण अंजुमनची मुलींची शाळा निघाली १९३६मध्ये. संस्था आणि मुलींची शाळा यांच्यात ६२ वर्षांचं अंतर पडलं. बड्या घरातल्या मुलीला लंडन जवळ होतं आणि मोहल्ल्यातल्या मुलीला पुढची गल्लीही लांब होती.

अलीगढच्या आला बी

मुसलमान मुलीला वसतिगृहात ठेवण्याची पहिली मोठी परीक्षा अलीगढमध्ये झाली. शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी १९०६मध्ये तिथं मुलींची छोटी शाळा सुरू केली. मुली पडद्याच्या डोलीतून यायच्या. शहरातल्याच मुली येऊ शकत होत्या. बाहेरगावच्या मुलींसाठी बोर्डिंग काढायचं म्हटल्यावर विरोध वाढला. शरीफ घराण्यातली मुलगी परक्या घरी रात्र काढेल, ही कल्पनाच लोकांना सहन होईना. मुलींना शिकवायला हवं असं मानणाऱ्यांपैकीही कित्येकांचं म्हणणं होतं की त्यांनी घरीच शिकावं.

१९१४मध्ये बोर्डिंग उघडलं. भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम त्यामागे उभ्या राहिल्या. पण पालकांचा विश्वास बसला तो वहीद जहाँ बेगम यांच्यामुळे. मुली त्यांना आला बी म्हणत. त्या आपलं घर सोडून बोर्डिंगात मुलींबरोबर राहायला गेल्या. त्यांच्या स्वतःच्या मुलीही तिथंच इतर मुलींबरोबर वाढल्या. माझ्या मुली जिथं झोपतात, तिथंच तुमच्या झोपतील, असा त्याचा अर्थ होता. सुरुवातीला मुली मोजक्याच होत्या, पण बोर्डिंग बंद पडलं नाही. १९३७पर्यंत त्या शाळेचं महिला कॉलेज झालं. त्यांची मुलगी रशीद जहाँ लखनौ आणि दिल्लीत शिकून डॉक्टर झाली आणि उर्दूतली धीट लेखिका म्हणून ओळखली गेली.

त्या बोर्डिंगच्या भिंती उंच होत्या, पडदा कडक होता, पत्रव्यवहारावर नजर होती. आजच्या मुलीला ते तुरुंगासारखं वाटेल. पण त्या काळात पालकांच्या भीतीला उत्तर देताना दोघांनी भाषणांवर वेळ घालवला नाही. आला बी तिथं राहायला गेल्या, हेच उत्तर होतं. मेहरमशिवाय सफर, परक्या घरी मुक्काम, असे मुद्दे आजही आपल्या बैठकांत निघतात. त्यांना किताबी उत्तरं देता येतात. पण एखादी जबाबदार बाई मुलींबरोबर राहायला तयार असली, तर अर्धा वाद तिथंच संपतो.

आश्रमशाळेपासून कॉट बेसिसपर्यंत

आदिवासी मुलींच्या बाबतीत दुसरा एक प्रयोग झाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि पुढे कोसबाड इथं वारली मुलांसाठी काम केलं. पाड्यातल्या अंगणात बालवाडी भरवली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणारी मुलगी शाळेत येत नाही, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. अनुताई स्वतः बालविधवा होत्या. मुलीला काय अडवतं हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. पण लहान वयात शाळा मुलीकडे नेता येते. अठराव्या वर्षी कुरणात मेडिकल कॉलेज भरवता येत नाही.

महाराष्ट्र सरकारनं सत्तरच्या दशकापासून आश्रमशाळांचं जाळं विणलं आणि तालुक्याच्या, जिल्ह्याच्या गावी आदिवासी वसतिगृहं काढली. त्यांच्या दुरवस्थेच्या बातम्या आपण वाचतो. तरीही नंदुरबार जिल्ह्यात आज ज्या आदिवासी मुली शिक्षिका, नर्स, तलाठी म्हणून दिसतात, त्यांतल्या कितीतरी जणी याच छपराखालून गेल्या आहेत. नर्सिंगकडे मुली मोठ्या संख्येनं वळतात, त्याचं एक साधं कारण मला दिसतं. त्या कोर्सबरोबर राहण्याची सोय बहुधा येतेच. वडिलांना वेगळं छप्पर शोधावं लागत नाही.

वसतिगृहात जागा कमी आणि अर्ज जास्त, हे ओळखून २०१६-१७मध्ये आदिवासी विभागानं पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणली. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्याच्या बँक खात्यात राहण्या-जेवण्याचा खर्च थेट जमा होतो. इतिहासाच्या नजरेनं पाहिलं तर हा मोठा बदल आहे. रमाबाई, कर्वे, आला बी या सगळ्यांच्या छपराला एक मालक होता, त्याचे नियम होते. इथं पहिल्यांदाच पैसा मुलीच्या नावानं आला. खोली कुठली घ्यायची, डबा कुणाचा लावायचा, हे तिनं ठरवायचं.

कागदावर हे स्वातंत्र्य छान दिसतं. पण पैसे उशिरा आले की घरमालक थांबत नाही. २०१८मध्ये आदिवासी वसतिगृहांतली खाणावळ बंद करून जेवणाचे पैसे खात्यात देण्याचा निर्णय झाला, तेव्हा विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. पैसा नको असं ते म्हणत नव्हते. भूक दोन महिने थांबत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. शिवाय पैसा खिशात असला तरी खोली मिळतेच असं नाही. पुण्यात कॉट बेसिसवर जागा शोधणाऱ्या मुलीला आधी आडनाव विचारतात. आडनाव शेख, पठाण किंवा तडवी असलं की जागा कालच गेलेली असते.

२०२३-२४पासून इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. प्रत्येक जिल्ह्यासाठी ६०० विद्यार्थी आणि मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मदत, असं तिचं स्वरूप आहे. मणियार, बागवान, अत्तार, पिंजारी, तांबोळी, मोमीन अशा ओबीसी मुस्लिम घरांतल्या मुलींनाही जातीचा दाखला असेल तर अर्ज करता येतो. जुलै २०२४पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल आणि इतर मागास गटांतल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. आपल्या मोहल्ल्यात या दोन्ही गोष्टी किती घरांना माहीत आहेत? दाखला वेळेवर काढून ठेवला असता तर कॉलेजात गेली असती, अशी मुलगी प्रत्येक मोहल्ल्यात सापडेल.

सच्चर समितीनं २००६मध्ये सांगितलं होतं की वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवी किंवा पदविकेपर्यंत पोहोचलेले चार टक्क्यांहून कमी आहेत. त्याच अहवालात वाजवी दरातल्या वसतिगृहांची शिफारस होती आणि मुलींसाठी ती लहान-मोठ्या सगळ्या शहरांत असावीत असं म्हटलं होतं. आपण सच्चर अहवाल आरक्षणाच्या भाषणांत शेकडो वेळा उचलला. वसतिगृहाचं ते वाक्य क्वचितच उचललं.

पोहोचल्यानंतर

मुलगी कॉलेजपर्यंत पोहोचली की गोष्ट संपत नाही. डॉ. पायल तडवी जळगावच्या, तडवी भिल्ल समाजातल्या. हा समाज खानदेशात आदिवासीही आहे आणि मुसलमानही. एम.बी.बी.एस. करून त्या स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईच्या नायर रुग्णालयात गेल्या. २२ मे २०१९ रोजी त्यांनी तिथल्या वसतिगृहात जीव दिला. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केला, असा कुटुंबाचा आरोप आहे आणि प्रकरण न्यायालयात गेलं. त्यांच्या आई आबेदा तडवी यांनी रोहित वेमुलाच्या आईसोबत सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. उच्च शिक्षणसंस्थांतला जातिभेद रोखण्यासाठी ठोस यंत्रणा असावी, अशी त्यांची मागणी होती.

या घटनेनं खानदेशातल्या किती आईबापांच्या मनात भीती घातली असेल, याचा अंदाज करता येतो. म्हणून वसतिगृह म्हणजे चार भिंती आणि कुलूप, एवढंच समजून चालत नाही. तक्रार ऐकणारं कुणीतरी तिथं हवं. रात्री बारा वाजता रडणाऱ्या मुलीचं दार वाजवणारी एखादी गृहपाल हवी. आणि पुरेशी सोबत हवी. एकटी पडलेली मुलगी सगळ्यात आधी मोडते.

आपल्याला हे जमत नाही असं नाही

आपला समाज गरीब आहे, वसतिगृहं चालवणं आपल्याला परवडत नाही, असं कुणी म्हटलं की मला अक्कलकुवा आठवतं. याच नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, १९७९-८०च्या सुमारास मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम सुरू केली. आज तिथं हजारो विद्यार्थी राहतात, जेवतात, शिकतात. पुढे फार्मसी, इंजिनिअरिंग, जालना जिल्ह्यातल्या बदनापूरला मेडिकल कॉलेज, असं काम वाढलं. गावोगावचे मदरसे बिहार-बंगालच्या मुलांना वर्षानुवर्षं मोफत ठेवून घेतात. रमजानमध्ये जकात गोळा होते, बकरी ईदला कातडी गोळा होतात, धान्य येतं, भांडी येतात. रेल्वे स्टेशनांजवळ मुसाफिरखाने आहेत. परगावच्या माणसाला निवारा द्यायची रीत आपल्याला परकी नाही.

ती आपल्या मजहबच्या मुळाशीच आहे. मदिनेच्या मशिदीत एका बाजूला छप्पर घातलेला ओटा होता, सुफ्फा. ज्यांना घर नव्हतं आणि ज्यांना शिकायचं होतं, असे लोक तिथं राहत. मदिनेतले लोक त्यांना खजूर आणून देत. इस्लामच्या इतिहासातलं ते पहिलं वसतिगृह म्हणायला हरकत नाही. इल्म मिळवणं फर्ज आहे, ही हदीस जलशात सांगून आपण टाळ्या घेतो. मग त्या फर्जासाठी लागणारं छप्पर निम्म्या समाजाला का मिळू नये?

मोठी इमारत, कमान, उद्घाटन, पाहुणे, यांची वाट पाहायचं कारण नाही. नंदुरबारला २०२०पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, शहरात इतर कॉलेजं आहेत. तिथं दहा मुलींचं भाड्याचं घर एखाद्या मोहल्ल्याच्या जमातीला चालवता येईल. त्यात खांडबाऱ्याची गावित मुलगी आणि नवापूरची शेख मुलगी एकत्र राहू शकतील. दोघींची अडचण एकच आहे आणि एका खोलीचं भाडं दोघींत वाटलं जातं. एखादी निवृत्त शिक्षिका त्यांच्याबरोबर राहील, अलीगढला आला बी राहिल्या तशी. जूनपूर्वी दाखले काढून द्यायचं, अर्ज भरायचं काम मोहल्ल्यातली शिकलेली मुलं करतील. सरकारी पैसे उशिरा आले तर तीन महिने धकतील एवढी रक्कम जकात-सदक्यातून वेगळी ठेवता येईल. जकातीच्या शर्तींबाबत उलेमांना विचारून घ्यावं, पण विचारावं तरी.

आणि छपराच्या बदल्यात काही मागू नये. रमाबाईंच्या वेळी धर्माचा संशय आला, हिंगण्यात सुरुवातीला जातीची मर्यादा होती, अलीगढला पडद्याची अट होती. आपण अट घालायचीच तर एकच घालावी, की मुलीनं कोर्स पूर्ण करावा. कुठला पोशाख, कधी निकाह, पहिल्या पगाराचं काय, हे तिचं तिला ठरवू द्यावं. किल्ली तिच्याजवळ असली तरच ते तिचं घर होतं, नाहीतर तेही एक सासरच.

खांडबाऱ्याच्या मुलीचं विद्यापीठ जळगावला आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव त्याला दिलेलं आहे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या नावाची पदवी हातात घेण्यासाठी आज एखाद्या मुलीला पहिल्यांदा रात्रीच्या मुक्कामाचा पत्ता सांगावा लागतो. तो पत्ता तिला देणं आपल्या हातात आहे. येत्या जूनच्या आत नंदुरबारमध्ये एक जरी घर सुरू झालं, तरी दहा घरांतला तो पहिला प्रश्न मिटेल.